पाया खणण्याआधीचा हिशेब

वाचक भगिनीचे पत्र (संक्षेपाने)

आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो. स्वतःची जागा आहे आणि तिच्यावर कोणतेही कर्ज नाही. तेथे दुमजली घर बांधण्याचा विचार आहे. ओळखीच्या एका कंत्राटदाराने चौरस फुटाचा दर तोंडी सांगितला असून, त्या हिशेबाने एकूण खर्चाची साधारण ४० टक्के रक्कम आमच्या बचतीतून उभी राहू शकते. आधी बचतीतून काम सुरू करावे आणि सांगाडा उभा राहिल्यावर कर्ज घ्यावे, म्हणजे व्याज वाचेल, असे माझ्या पतींचे मत आहे. कंत्राटदाराचे म्हणणे असे की साधा नकाशा पुरेल, बाकीचे कामावर ठरवू. मात्र सिमेंट आणि सळईचे भाव चढत असल्याने एक-चतुर्थांश रक्कम आत्ताच द्यावी. माझ्या दिरांनी काही रक्कम बिनव्याजी देऊ केली आहे. आमच्या भाड्याच्या घराचा करार पुढच्या वर्षी संपतो, त्याआधी नव्या घरात जायचे आहे. आम्ही सुरुवात करावी का? कर्ज किती घ्यावे? वरचा मजला आत्ताच बांधावा की नंतर?

उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मी दोनदा वाचले. जागा स्वतःची आहे, ती कर्जमुक्त आहे आणि खर्चाचा मोठा हिस्सा बचतीतून उभा राहतो आहे, म्हणजे आपली सुरुवात चांगली आहे. तरीही पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देतो: या स्थितीत काम सुरू करू नका आणि कंत्राटदाराला कोणतीही आगाऊ रक्कम देऊ नका. घर बांधू नये असे मला म्हणायचे नाही. ज्या आकड्यावर आपण सगळा विचार उभारला आहे, तो आकडाच अजून तयार झालेला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. चौरस फुटाच्या तोंडी दराला क्षेत्रफळाने गुणले म्हणजे घराचा खर्च निघत नाही. फार तर त्याचा ढोबळ अदमास येतो. अशा अदमासाच्या भरवशावर आयुष्यभराची बचत जमिनीत घालणे मला धोक्याचे वाटते.

आपल्या पतींचा विचार वरवर पाहता बरोबर आहे. स्वतःचे पैसे आधी आणि कर्जाचे पैसे नंतर वापरले तर व्याज कमी लागते, यात शंका नाही. परंतु त्यासाठी कर्जाचा अर्ज पुढे ढकलण्याची गरज नसते. कर्ज मंजूर होणे आणि कर्जाची रक्कम उचलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजुरी मिळाल्यावर साधारणपणे प्रक्रियेचे शुल्क तेवढे लागते. व्याज सुरू होते ते रक्कम उचलल्यापासून आणि तेही उचललेल्या रकमेपुरतेच. म्हणजे मंजुरी आधी हातात घेऊन स्वतःचे पैसे आधी खर्च करणे सहज शक्य आहे, आणि कर्ज देणाऱ्या संस्थाही बहुधा हाच क्रम अपेक्षितात. उलट, सांगाडा उभा राहिल्यावर आपण अर्ज घेऊन गेलात आणि काही कारणाने मंजुरी अडली, तर आपल्या हातात अर्धवट घर आणि रिकामे खाते उरेल. मालकीच्या कागदांत एखादी त्रुटी निघणे, बांधकाम मंजूर नकाशाबरहुकूम नसणे, किंवा मूल्यांकन करणाऱ्या अभियंत्याने खर्च आपल्यापेक्षा कमी धरणे, यांपैकी काहीही घडू शकते. यातली प्रत्येक अडचण पाया खणण्याआधी समजली तर ती दुरुस्त करता येते. मंजुरी ठरावीक मुदतीपुरतीच वैध असते, तसेच संपूर्ण रक्कम उचलण्यालाही मुदत असू शकते. अर्ज करतानाच या दोन्ही मुदती विचारून लिहून ठेवा.

बांधकामाच्या कर्जाचा आणखी एक स्वभाव आधी माहीत असायला हवा. ही रक्कम एकदम हातात येत नाही. जोते झाले, स्लॅब पडला, विटकाम झाले, गिलावा झाला, अशा टप्प्यांनी ती मिळते, आणि बहुतेक वेळा टप्पा पूर्ण झाल्याची पाहणी झाल्यावरच मिळते. कंत्राटदाराला मात्र टप्पा सुरू होतानाच पैसे हवे असतात, कारण सळई, सिमेंट आणि मजुरी त्याला रोखीने भागवावी लागते. या दोहोंमधल्या आठवड्यांत काम चालू ठेवणारा पैसा आपलाच असावा लागतो. आपली सगळी बचत पाया आणि पहिल्या स्लॅबमध्ये संपली, तर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर काम थांबेल. मजूर दुसऱ्या कामावर जातील आणि ते परत येईपर्यंत आठवडे जातील.

काम थांबण्याची किंमत किती असते ते एकदा आकड्यांत पाहा. समजा घराचा खर्च १०० भाग आहे, त्यातले ६० भाग कर्जाचे आहेत, व्याजदर ९ टक्के आहे आणि हे कर्ज १२ महिन्यांत समान टप्प्यांनी उचलले जाते. त्या वर्षभरात सरासरी निम्मीच रक्कम वापरात असल्याने वर्षाचे व्याज सुमारे २.७ भाग होते. आता असे समजा की कर्ज पूर्ण उचलले गेले आणि घर शेवटच्या कामांसाठी सहा महिने अडून राहिले. त्या सहा महिन्यांचे व्याजही २.७ भागच होते. अख्ख्या बांधकामाच्या वर्षात जेवढे व्याज गेले तेवढेच रखडलेल्या सहा महिन्यांत जाते, आणि त्या काळात भाडेही चालूच राहते. म्हणून व्याज वाचवायचे असेल तर कर्ज उशिरा घेण्यापेक्षा काम सलग चालू ठेवण्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

यासाठी आपल्याला माझी मुख्य सूचना अशी आहे की, जे घर आपण १०० भागांचे धरले आहे ते ९० भागांत आखावे. स्वतःच्या ४० भागांपैकी ३० भाग कामात घालावेत आणि १० भाग वेगळ्या खात्यात ठेवून ते नाहीतच असे समजून सगळे नियोजन करावे. टप्प्यांमधली रोखीची तूट आणि अनपेक्षित खर्च यांच्यासाठी ही रक्कम आहे. पाया खणताना अपेक्षेपेक्षा खाली खडक लागणे किंवा माती कमकुवत निघणे, भाव वाढणे, मोजमापात फरक पडणे, यातले काही ना काही प्रत्येक बांधकामात घडते. राखीव रक्कम नसलेली माणसे अशा वेळी फरशी आणि दारे-खिडक्यांच्या टप्प्यावर वैयक्तिक कर्ज घेतात. त्याचा दर गृहकर्जापेक्षा बराच जास्त आणि मुदत कमी असते, त्यामुळे मासिक ओझे अचानक वाढते. घर पूर्ण झाल्यावर राखीव रक्कम उरली तर तिने कर्जाचा काही भाग फेडता येईल, आणि कर्जाच्या सुरुवातीच्या काळातली अशी फेड सर्वांत जास्त फायद्याची असते.

आता कर्ज किती घ्यावे याविषयी. आपण खर्चातून बचत वजा करून उरलेला आकडा कर्ज म्हणून धरला आहे. हा हिशेब उलट्या बाजूने करावा. आधी दरमहा किती हप्ता निश्चिंतपणे भरता येईल ते ठरवा, त्यावरून कर्जाची रक्कम काढा, तीत बचतीतले ३० भाग मिळवा, आणि जी बेरीज येईल तेवढ्यात बसेल असे घर आखा. दोघांच्या हातात येणाऱ्या एकूण पगाराच्या ४० टक्क्यांपर्यंत सगळ्या कर्जांचे हप्ते असावेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. आपला हिशेब दोन पगारांवर उभा असल्याने मी एक-तृतीयांशाच्या पुढे जाऊ नये असे सुचवीन. आजारपण, बाळंतपण, बदली किंवा नोकरीतला खंड यांमुळे एक पगार काही महिने थांबला, तरी दुसऱ्या पगारातून हप्ता जाऊन घर चालले पाहिजे.

हप्त्याचे गणित कोणीतरी समोर बसून समजावून सांगायला हवे, पण ते क्वचितच घडते. ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतलेल्या एक लाखाच्या कर्जाला दरमहा सुमारे ९०० चा हप्ता पडतो. त्यातले पहिल्या महिन्याचे व्याजच ७५० असते आणि मुद्दल केवळ १५० ने कमी होते. पाच वर्षांत आपण सुमारे ५४ हजार भरलेले असतात, तरी मुद्दल जेमतेम ११ हजारांनी उतरलेले असते. वीस वर्षांत एकूण परतफेड सुमारे २ लाख १६ हजारांची होते. हेच कर्ज १५ वर्षांचे घेतले तर हप्ता सुमारे १,०१४ होतो आणि एकूण परतफेड १ लाख ८३ हजारांच्या आसपास येते. महिन्याला ११४ जास्त भरल्याने ३३ हजार वाचतात. तरीही मी आपल्याला सुरुवातीलाच १५ वर्षांचा हप्ता बांधून घेण्याचा आग्रह करणार नाही. मुदतीआधी फेड करण्यावर शुल्क नसेल, तर २० वर्षांची मुदत घेऊन दरवर्षी एक जादा हप्ता मुद्दलात भरणे अधिक सोयीचे ठरेल. त्याने कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपते आणि अडचणीच्या वर्षी जादा हप्ता न भरण्याची मुभाही राहते.

दर बदलता असेल तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. वरच्याच उदाहरणात सुरुवातीलाच दर ९ वरून १० टक्के झाला आणि हप्ता ९०० च राहिला, तर २० वर्षांचे कर्ज २६ वर्षांपर्यंत लांबते. दर वाढल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत वाढवण्याची पद्धत सर्रास आढळते आणि कर्जदाराला ते कित्येकदा उशिरा कळते. म्हणून वर्षातून एकदा तरी शिल्लक मुद्दल आणि उरलेली मुदत यांचे विवरण मागवा. शक्य असेल तेव्हा मुदत वाढू देण्याऐवजी हप्ता वाढवून घ्या. कर्जासोबत विमा घेण्याचा प्रस्ताव येईल. दोघांच्याही नावे कर्जाच्या रकमेएवढे विमासंरक्षण असणे अत्यावश्यक आहे, परंतु विम्याची एकरकमी किंमत कर्जातच मिळवली जाते का हे पाहा. तसे असेल तर त्या किमतीवरही वर्षानुवर्षे व्याज भरावे लागते. साधा मुदत विमा स्वतंत्रपणे घेतला तर किती पडतो, याची तुलना करूनच निर्णय घ्या.

हप्ता झेपेल की नाही हे कागदावर ठरवण्यापेक्षा प्रत्यक्ष करून पाहणे चांगले. पुढच्या महिन्यापासून, सध्याचे भाडे देऊन झाल्यावर, संभाव्य हप्त्याएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकायला लागा. नकाशे, परवानगी आणि कर्जमंजुरी यांत काही महिने जातीलच. तेवढ्या काळात ही रक्कम न चुकता बाजूला पडली, तर बांधकामाच्या काळात भाडे आणि व्याज एकाच वेळी भरणेही आपल्याला झेपेल. ती ओढाताणीने पडत असेल तर घराचे क्षेत्रफळ कमी करण्याचा निर्णय आत्ताच घेता येईल.

आणि क्षेत्रफळ कमी करणे हाच खर्च आटोक्यात ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. लोक स्वस्त नळ आणि हलकी फरशी शोधत बसतात, प्रसंगी संरचना अभियंत्याच्या शुल्कात काटछाट करतात, पण न लागणारी एक खोली कमी केली तर पाया, स्लॅब, भिंती, गिलावा, रंग, फरशी, विजेची तार असे सगळेच एकदम कमी होते, शिवाय पुढची देखभालही वाचते. घराच्या आकाराचाही खर्चावर परिणाम होतो. १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद घराला बाहेरची भिंत ४० मीटर लागते. तेवढ्याच क्षेत्रफळाचे ५ बाय २० मीटरचे घर बांधले तर ती ५० मीटर होते. म्हणजे जागा तेवढीच मिळून बाहेरची भिंत, तिचा गिलावा आणि रंग चौथाईने वाढतात. कोनाकोपऱ्यांच्या आकर्षक नकाशातही हेच घडते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरे एकमेकांलगत ठेवली तर नळांची व सांडपाण्याची लांबी कमी होते आणि गळतीच्या जागाही कमी राहतात.

"साधा नकाशा पुरेल, बाकीचे कामावर ठरवू" या कंत्राटदाराच्या वाक्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. कामावर ठरवलेली प्रत्येक गोष्ट तोडफोड किंवा जादा बिल घेऊन येते. आधी वास्तुविशारदाकडून खोल्यांची मांडणी निश्चित करून घ्या. माती परीक्षण करून त्यावरून संरचना अभियंत्याकडून पाया, कॉलम, बीम आणि स्लॅब यांचे आरेखन करून घ्या. पाणी शोषून फुगणारी आणि सुकल्यावर आकसणारी चिकणमाती असेल तर पायाचा प्रकारच बदलतो, आणि ही गोष्ट शेजारच्याचा पाया पाहून ठरवता येत नाही. विजेचे बिंदू, नळांच्या वाटा, दारे-खिडक्यांची मापे आणि फरशीचा दर्जा हेही कागदावर येऊ द्या. त्यावरून बाबवार अंदाजपत्रक तयार होईल, म्हणजे किती घनमीटर काँक्रीट, किती किलो सळई, किती चौरस मीटर गिलावा आणि प्रत्येकाचा दर काय, हे त्यात दिसेल. हे अंदाजपत्रक हातात आल्यावर आपल्या ओळखीच्या कंत्राटदारासह आणखी दोघातिघांकडून दर मागवा. सगळ्यांनी एकाच कामाचे दर दिल्याने तुलना खरी होईल. या सल्लागारांचे शुल्क एकूण खर्चाच्या मानाने लहान असते आणि संपूर्ण बांधकामात तेवढ्या पैशाचा इतका चांगला उपयोग दुसरीकडे कुठे होत असेल असे मला वाटत नाही.

चौरस फुटाच्या दराने काम द्यायचेच झाले, तर त्या दरात काय येते आणि काय येत नाही हे लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. जिना, सज्जा आणि गच्चीचा कठडा यांचे क्षेत्रफळ पूर्ण धरले जाणार की निम्मे? पाण्याच्या टाक्या, कुंपणाची भिंत, फाटक, सांडपाण्याची टाकी, गच्चीचे जलरोधन हे दरात आहे का? काँक्रीटची प्रत कोणती, फरशी प्रति चौरस फूट किती किमतीपर्यंतची, तारा आणि नळ कोणत्या दर्जाचे? याखेरीज कंत्राटाच्या पूर्णपणे बाहेर राहणारे खर्च असतात: परवानगीचे शुल्क, सल्लागारांचे मानधन, पाणी व विजेची जोडणी, कर्जाचे शुल्क, दिवे-पंखे, कपाटे, सामान हलवणे. घराच्या ९० भागांत हे सगळे बसले पाहिजे; ते राखीव १० भागांवर ढकलू नका.

आगाऊ रकमेबाबत माझे मत ठाम आहे. काम सुरू करण्यासाठी साहित्य आणि मजूर जमवायला थोडी रक्कम देणे रास्त आहे, पण ती लहान असावी आणि पुढच्या बिलांतून वळती व्हावी. त्यानंतर दिलेला पैसा झालेल्या कामाच्या पुढे कधीही जाऊ नये. एक-चतुर्थांश रक्कम आधीच दिली तर काम नीट होत नसताना कंत्राटदाराला थांबवण्याचे बळ आपल्याकडे राहत नाही, आणि तो माणूस प्रामाणिक असला तरी त्याच्या दुसऱ्या एखाद्या कामातली तूट आपल्या पैशाने भरली जाण्याचा धोका राहतोच. प्रत्येक बिलातून साधारण ५ टक्के रक्कम रोखून ठेवा आणि घर पूर्ण होऊन एक पावसाळा गेल्यावर, गळती किंवा भेगा नाहीत हे पाहून, ती द्या. जादा काम करण्याआधी त्याचा दर दोघांच्या सहीने वहीत नोंदवण्याचा नियम करा. ओळखीचा कंत्राटदार असल्याने लेखी करार मागणे आपल्याला अवघड वाटत असेल, परंतु लेखी करारामुळे ओळख टिकण्याचीच शक्यता अधिक असते.

भाव चढण्याची भीती खरी आहे, पण त्यावरचा उपाय आगाऊ रक्कम हा नाही. करारात सिमेंट आणि सळईचा आजचा पायाभूत दर लिहा आणि खरेदीच्या दिवशी त्यात जो फरक असेल तो प्रत्यक्ष वापरलेल्या मापावर, चढला तर आपण आणि उतरला तर कंत्राटदाराने, असा द्यावा-घ्यावा. सगळे सिमेंट आत्ताच घेऊन ठेवण्याचा सल्ला मात्र कोणी दिला तर तो मानू नका. सिमेंट हवेतला ओलावा शोषून हळूहळू ताकद गमावते, आणि तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासल्याशिवाय महत्त्वाच्या कामाला वापरू नये. सळई जास्त टिकते, पण तीही जमिनीपासून उंचावर आणि झाकून ठेवावी लागते. सळई वजनावर विकली जाते म्हणून एक साधे सूत्र लक्षात ठेवा: मिलिमीटरमधल्या व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागले की एक मीटर लांबीचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटरच्या सळईचे ते सुमारे ०.८९ किलो येते. याने आलेला माल पडताळता येतो.

दर्जावर लक्ष ठेवण्यासाठी कंत्राटदाराचा नव्हे, तर आपला स्वतःचा अभियंता असावा, आणि प्रत्येक काँक्रीट ओतण्याआधी त्याने सळई तपासून लेखी संमती द्यावी; काँक्रीट पडल्यानंतर आतले काहीच दिसत नाही. भिंतीतल्या तारा आणि नळ यांची गिलाव्याआधी मापासह छायाचित्रे काढून ठेवा. न्हाणीघरांत फरशी बसवण्याआधी किमान २४ तास पाणी साठवून गळती पाहा. आणि घाई कितीही असली तरी काँक्रीटचे दिवस कमी करू नका. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या चाचणीवर ठरवली जाते, सात दिवसांत ती साधारण दोन-तृतीयांशापर्यंत येते, आणि किमान सात ते दहा दिवस ते सतत ओले ठेवले नाही तर ही ताकद पुरती येत नाही. व्याज चालू आहे म्हणून सेंट्रिंग (ओल्या काँक्रीटला खालून दिलेला तात्पुरता आधार) लवकर काढण्याचा आग्रह आपल्याकडून तरी होऊ नये.

वरच्या मजल्याबद्दल आपण विचारले आहे. आपल्या आकड्यांवरून मी तळमजला पूर्ण करा आणि वरचा नंतर बांधा, असेच सांगेन. दोन अपूर्ण मजल्यांपेक्षा एक पूर्ण मजला राहण्याजोगा असतो. मात्र पाया आणि कॉलम दोन्ही मजल्यांच्या भाराचे आत्ताच करून घ्या. त्यासाठी आज लागणारा वाढीव खर्च मर्यादित असतो, आणि नंतर पाया व कॉलम मजबूत करण्याचे काम फार खर्चाचे आणि त्रासाचे असते. जिन्याची जागा, वरच्या न्हाणीघरांची जागा आणि सांडपाण्याच्या नळांचा व्यास आत्ताच ठरवा. परवानगी दोन्ही मजल्यांची एकत्र मिळते का आणि ती किती काळ टिकते, तेही विचारा. गच्चीवर कॉलमच्या सळया पुढच्या मजल्यासाठी उघड्या सोडल्या जातात आणि काही वर्षांत त्या गंजून निकामी होतात. त्यांना पातळ काँक्रीटचे आवरण देण्याचे काम कंत्राटात लिहा. आणि पुढील पाच-सात वर्षांत वरच्या मजल्याची खरोखर गरज नसेल, तर तो विचार सोडून देणेही शहाणपणाचे ठरेल.

दिरांची रक्कम कृतज्ञतेने स्वीकारावी, पण ती भेट आहे की उसनी, उसनी असेल तर केव्हा आणि कशी परत करायची, हे दोन ओळींत लिहून दोघा भावांनी सही करावी आणि व्यवहार खात्यातून करावा. परतफेड दरमहा करायची असेल तर तीही आपल्या एक-तृतीयांशाच्या मर्यादेत मोजा, आणि कर्जाच्या अर्जात ती लपवू नका. माझ्या मते ही रक्कम बांधकामात न घालता राखीव म्हणून उपलब्ध असावी. गरज पडली तरच घ्यावी. त्यामुळे त्यांच्यावरचा भार आणि आपल्या मनावरचे दडपण दोन्ही कमी राहतील.

राहता राहिला भाड्याच्या घराचा करार. नकाशे, परवानगी, अंदाजपत्रक आणि कर्जमंजुरी यांना काही महिने, आणि एका मजल्याच्या सलग कामाला साधारण वर्ष धरले, तर करार संपण्यापूर्वी राहायला जाण्याची मुदत पाळता येईल असे मला दिसत नाही. ती पाळण्यासाठी वरचा एखादा टप्पा गाळण्याचा मोह होईल. म्हणून घरमालकांशी आत्ताच बोला आणि करार संपल्यावर महिन्या-महिन्याने मुदत वाढवून मिळेल का ते विचारून, तसे कागदावर घ्या. त्या वाढीव महिन्यांचे भाडे अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून धरा. बाबवार अंदाजपत्रक आणि मंजुरीपत्रातील अटी हातात आल्यावर हवे तर पुन्हा लिहा. तेव्हा प्रत्यक्ष आकडे समोर ठेवून टप्प्यांचे वेळापत्रक आणि प्रत्येक टप्प्याला लागणारी रोख रक्कम आपण एकत्र मांडू.